बाटलीवरची कागदी पट्टी

औरंगाबादहून, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरहून, पैठणच्या रस्त्याला लागले की वाटेत बिडकीन येते. आजूबाजूच्या खेड्यांची बाजारपेठ ही या गावाची जुनी ओळख. आता शेंद्रा-बिडकीन औद्योगिक पट्ट्यामुळे त्याचे नाव दूरवर पोचले आहे. कापूस वेचून कंबर धरलेली बाई, पोती वाहून खांदा भरून आलेला हमाल, गुडघ्यांनी बेजार झालेले आजोबा, रात्रपाळी करून डोके ठणकणारा कामगार, अशी माणसे अशा गावात सगळ्यांत आधी जिथे थांबतात ते ठिकाण म्हणजे ‘मेडिकल’. “अंग दुखतंय, गोळी द्या,” एवढे म्हटले की पाकिटातल्या दोन-चार गोळ्या कात्रीने कापून हातात पडतात. बऱ्याचदा त्या कापण्यात औषधाचे नाव आणि मुदतीची तारीख मागेच राहते. सारा व्यवहार अर्ध्या मिनिटाचा.

या अर्ध्या मिनिटात काउंटरमागच्या माणसाने नेमके काय करायला हवे? फक्त गोळी द्यायची, की ती कशी घ्यायची हेही सांगायचे? प्रश्न साधा दिसतो, पण त्यामागे बराच मोठा इतिहास आहे. तो समजून घेतला तर आजच्या अडचणीचे मूळही सापडते.

लिहिणारा आणि देणारा

रोग ओळखणारा एक आणि औषध तयार करून देणारा दुसरा, ही विभागणी जुनी आहे. युरोपात सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकने १२४० च्या सुमारास सिसिलीच्या राज्यात कायद्याने ही दोन कामे वेगळी केली. वैद्याने औषधाच्या दुकानात भागीदारी करू नये, हा त्यामागचा हेतू होता. जो औषध सुचवतो त्यालाच विक्रीतून फायदा होत असेल, तर रोग्याचे हित धोक्यात येते, हे तेव्हाही लोकांना कळत होते.

आपल्याकडे आयुर्वेदाचे वैद्य बहुधा स्वतःच औषध बनवून देत. युनानी पद्धतीत मात्र हकीम नुस्खा लिहून देई आणि रोगी तो घेऊन अत्ताराकडे जाई. निजामाच्या राज्यात युनानीला राजाश्रय होता, त्यामुळे मराठवाड्याच्या बाजारपेठांना हा व्यवहार परका नव्हता. गोव्यात १८४२ साली पोर्तुगिजांनी वैद्यकीय शाळा सुरू केली, तेव्हा तिथे औषधशास्त्राचा अभ्यासक्रमही होता. म्हणजे औषध देणाऱ्याला रीतसर शिक्षण हवे, हा विचार आपल्या भूमीवर पावणेदोनशे वर्षांपूर्वी पोचला होता.

वेदनेवरची औषधे कोणी शोधली?

वेदनाशामक औषधांच्या इतिहासात एक गोष्ट सहसा नजरेआड राहते. यांतली अनेक औषधे औषधाच्या दुकानांतून, फार्मासिस्टांच्या हातून जन्माला आली.

जर्मनीतील पाडरबोर्न येथे फ्रीडरिश झेर्ट्युर्नर नावाचा विशीतला तरुण औषधाच्या दुकानात सहायक होता. अफू कधी गुण देते, कधी देत नाही, तर कधी जीवच घेते, असे का होते, हा प्रश्न त्याला पडला. अफूतील गुणकारी द्रव्याचे प्रमाण दर वेळी वेगळे असणार, असा तर्क त्याने केला आणि १८०४-०५ च्या सुमारास ते द्रव्य वेगळे काढले. तेच मॉर्फीन. त्याने ते आधी कुत्र्यांवर आणि नंतर स्वतःवर व तीन तरुणांवर आजमावले. सगळ्यांना विषबाधेची लक्षणे दिसू लागल्यावर व्हिनेगर पाजून ओकारी काढावी लागली. आज असा प्रयोग कोणी करू नये हे खरे. पण औषधाची मात्रा मोजून द्यायची तर त्यातील द्रव्य शुद्ध स्वरूपात हाती हवे, हा धडा त्यातून मिळाला.

क्लोरोफॉर्म १८३१ च्या सुमारास तिघांनी स्वतंत्रपणे तयार केले. त्यांतला फ्रान्सचा सुबेरां हा फार्मासिस्ट होता. ॲस्पिरिनचा फेलिक्स हॉफमन फार्मसी शिकून रसायनशास्त्राकडे वळला होता. १८९७ साली त्याने बायर कंपनीत शुद्ध ॲस्पिरिन बनवले. इंग्लंडमधला स्ट्युअर्ट ॲडम्स सोळाव्या वर्षी औषधाच्या दुकानात उमेदवार म्हणून लागला आणि पुढे त्याच्याच गटाने आयबुप्रोफेन शोधले. ते १९६९ साली ब्रिटनमध्ये बाजारात आले.

या इतिहासाचा एक धागा थेट निजामाच्या राज्यापर्यंत येतो. बिडकीन तेव्हा याच राज्यात होते. क्लोरोफॉर्म देताना रोगी दगावतो तो हृदय थांबल्याने की श्वास थांबल्याने, असा वाद १९व्या शतकात जोरात होता. हैदराबादचे शल्यचिकित्सक एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने आणि निजामाच्या पैशाने १८८८ व १८८९ साली दोन क्लोरोफॉर्म आयोग नेमले गेले. दुसऱ्या आयोगासाठी लंडनहून सर लॉडर ब्रंटन हैदराबादला आले. श्वास आधी थांबतो, तेव्हा नाडीपेक्षा श्वासाकडे लक्ष ठेवा, असा निष्कर्ष निघाला. तो अर्धाच खरा होता. भूल हलकी असताना हृदय एकाएकी बंद पडू शकते, हे गुडमन लेव्ही यांनी १९११ साली दाखवून दिले. श्वासाकडे लक्ष ठेवण्याचा सल्ला मात्र उपयोगीच ठरला. एकच औषध एकाला तारते आणि दुसऱ्याला मारते, आणि हा फरक बरेचदा ते कसे दिले जाते यात असतो, हे त्या वादातून जगाला दिसले.

कंपाउंडरची कात्री

आता दवाखान्यातल्या औषधाकडे वळू. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आणि त्यानंतरही काही दशके आपल्या गावांत तयार गोळ्या कमी आणि मिक्श्चरे जास्त असत. डॉक्टर चिठ्ठीवर घटक लिहीत. कंपाउंडर ते मोजून, खलून, पाण्यात मिसळून बाटलीत भरी. चूर्ण असेल तर कागदाच्या पुड्या बांधून देई. बाटली बहुधा रोग्याने घरून आणलेली असे.

बाटली भरल्यावर कंपाउंडर आणखी एक काम करी. कागदाची लांब पट्टी घेऊन तिच्या घड्या घाली, कात्रीने कडेला खाचा पाडी आणि घडी उलगडून ती पट्टी बाटलीला उभी चिकटवी. पट्टीवर समान अंतरावर खुणा उमटलेल्या असत. एक खूण म्हणजे एक डोस. “सकाळ-संध्याकाळ एकेक खूण घ्यायची, आधी बाटली हलवायची,” असे तो तोंडी सांगे. घेणाऱ्याला अक्षर येत नसले तरी चालत असे. औषध किती उरले, किती वेळा घ्यायचे राहिले, हे बाटलीकडे पाहून घरातल्या कोणालाही कळे.

त्या मिक्श्चरांतली बरीचशी आज निरुपयोगी ठरली आहेत, आणि पुष्कळ कंपाउंडरांना अनुभवाखेरीज दुसरे शिक्षण नव्हते. म्हणून त्या काळाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण ती कागदी पट्टी ही वैज्ञानिक माहिती रोग्यापर्यंत पोचवण्याची फार चांगली युक्ती होती. औषध आणि ते वापरण्याची रीत, दोन्ही एकाच वस्तूत रोग्याच्या हाती पडत.

कायदा आला तो शुद्धतेसाठी

पहिल्या महायुद्धानंतर हिंदुस्थानच्या बाजारात भेसळीच्या आणि कमी ताकदीच्या औषधांचा सुळसुळाट झाला. ओरड वाढल्यावर सरकारने १९३० साली कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. औषधांच्या दर्जावर नियंत्रण हवेच, पण ती हाताळणाऱ्यांना शिक्षण आणि नोंदणीही हवी, असे समितीने १९३१ साली सांगितले. पुढच्याच वर्षी महादेव लाल श्रॉफ यांच्या प्रयत्नाने बनारस हिंदू विश्वविद्यालयात फार्मसीचे शिक्षण सुरू झाले. कायदे व्हायला जास्त वेळ लागला. औषध कायदा १९४० साली आला आणि फार्मसी कायदा ४ मार्च १९४८ रोजी.

या शेवटच्या तारखेला बिडकीन अजून निजामाच्या राज्यात होते. मराठवाडा मुक्त झाला तो १७ सप्टेंबर १९४८ रोजी. म्हणजे फार्मासिस्टाची नोंदणी सांगणारा कायदा झाला, तेव्हा तो या गावाला लागूच नव्हता. पुढे औरंगाबादला १९५६ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झाले. त्याचे रुग्णालय ‘घाटी’ या नावाने साऱ्या मराठवाड्याला परिचित आहे. आणखी काही दशकांनी वोक्हार्ट, अजंता फार्मा अशा कंपन्यांचे कारखानेही या जिल्ह्यात उभे राहिले. औषधे दूरवर जाऊ लागली.

फार्मसी कायद्याने एक मोठी गोष्ट केली. डॉक्टरच्या चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टानेच द्यावे, असे तो सांगतो. सुरुवातीला शिकलेली माणसे थोडी होती, म्हणून दवाखान्यात पाच वर्षे औषधे बनवण्याचे काम केलेल्यांनाही पहिल्या नोंदवहीत जागा मिळाली. पण कायद्याचा सगळा भर औषध शुद्ध आहे का आणि ते योग्य माणसाच्या हातून जाते का, यावर होता. घरी गेल्यावर रोगी ते कसे घेतो, हा प्रश्न कायद्याच्या कक्षेत नव्हता.

शुद्धतेची काळजी अनाठायी होती असे मात्र नाही. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९८६ साली विषारी डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेल्या ग्लिसरीनमुळे १४ रोगी दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने या यंत्रणेतील ढिलाई उघड केली. कायदा होऊन चार दशके लोटल्यावरही हे घडले होते.

खुणा गेल्या, पाकीट आले

दरम्यान औषधाचे रूपच बदलले. कारखान्यात बनलेल्या गोळ्या प्लॅस्टिक आणि ॲल्युमिनियमच्या पाकिटांतून येऊ लागल्या. मात्रा अचूक झाली, टिकाऊपणा वाढला. बनवण्याचे काम दुकानातून कारखान्यात गेले आणि सरकारी मराठीत ‘औषधनिर्माता’ म्हणवला जाणारा माणूस काहीच निर्माण करीनासा झाला. त्याच्याबरोबर खुणांची पट्टीही गेली. पाकिटावर बारीक अक्षरांत, बहुधा इंग्रजीत, घटकांची नावे असतात. ती वाचून सांगणारा कोणी नसेल, तर घेणाऱ्याच्या दृष्टीने ते कोरेच.

वेदनाशामकांच्या बाबतीत याची किंमत मोठी आहे. जॉन व्हेन यांनी १९७१ साली दाखवले की ॲस्पिरिनसारखी औषधे शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होऊ देत नाहीत. या कामासाठी त्यांना १९८२ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. प्रोस्टाग्लँडिने वेदना आणि सूज वाढवतात, म्हणून ती कमी झाली की आराम पडतो. पण हीच द्रव्ये जठराच्या अस्तराचे रक्षण करतात आणि शरीरात पाणी कमी झाले असताना मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा टिकवतात. आता उपाशीपोटी डायक्लोफेनॅकची गोळी घेऊन भर उन्हात, पुरेसे पाणी न पिता, दिवसभर राबणाऱ्या मजुराचा विचार करा. ज्या वेळी मूत्रपिंडाला आधाराची गरज असते, नेमका त्याच वेळी तो काढून घेतला जातो. “जेवल्यावर घ्या, पाणी भरपूर प्या, रोज घेऊ नका, रक्तदाबाचे किंवा किडनीचे दुखणे असेल तर आधी डॉक्टरांना विचारा,” ही चार वाक्ये सांगायला अर्धे मिनिट पुरते.

दुसरा धोका बेरजेचा आहे. पॅरासिटामॉल हे नेमक्या मात्रेत सुरक्षित औषध आहे. निरोगी प्रौढ माणसाने दिवसभरात ४,००० मिलिग्रॅमची मर्यादा ओलांडू नये, नाही तर यकृताला इजा होऊ शकते. यकृत आधीच दुबळे असेल किंवा दारूची सवय असेल, तर ही मर्यादा आणखी खाली येते. समजा एखाद्याने तापासाठी ६५० मिलिग्रॅमची गोळी तीनदा घेतली. सर्दीच्या गोळीत ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल होते, तीही तीनदा घेतली. कंबरेसाठी घेतलेल्या जोडगोळीत ३२५ मिलिग्रॅम होते, ती दोनदा. बेरीज १,९५० अधिक १,५०० अधिक ६५०, म्हणजे ४,१०० मिलिग्रॅम. तीन गोळ्यांची नावे वेगळी, रंग वेगळे, आत औषध तेच. डॉक्टरच्या चिठ्ठीवर यांतली एकच असेल; बाकीच्या दोन कदाचित दुसऱ्या दुकानातल्या. या तिन्हींची बेरीज करू शकणारा माणूस काउंटरमागेच असू शकतो, कारण सगळी औषधे एकत्र दिसण्याची शक्यता तिथेच अधिक.

अशा जोडगोळ्यांचा बाजार एवढा फुगला होता की केंद्र सरकारने २०१६ साली ३४४ आणि न्यायालयीन वादानंतर २०१८ साली ३२८ मिश्रणांवर बंदी घातली. त्यांत वेदनाशामकांची मिश्रणेही बरीच होती.

कुलपातले मॉर्फीन

काही वेदना साध्या गोळ्यांना दाद देत नाहीत. कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यातली वेदना ही त्यांतली मुख्य. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ साली कर्करोगाच्या वेदनेवरील उपचारांची तीन पायऱ्यांची शिडी सांगितली. पहिल्या पायरीवर पॅरासिटामॉलसारखी औषधे, दुसरीवर कोडीनसारखी सौम्य अफूजन्य औषधे आणि तिसरीवर मॉर्फीन. औषध शक्यतो तोंडाने आणि घड्याळ लावून द्यावे. वेदना असह्य होण्याची वाट पाहू नये. त्याच वर्षी मुंबईत वांद्रे येथे डॉ. ल्युसितो डिसोझा यांनी शांती अवेदना आश्रम हे असाध्य कर्करोग्यांसाठीचे देशातील पहिले शुश्रूषालय सुरू केले.

पण त्याच सुमाराला दुसरीकडे दार बंद झाले होते. १९८५ साली अमली पदार्थविरोधी कायदा आला. अफूच्या दुष्परिणामांची आपल्याला चांगली ओळख होती. मुंबईच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या स्त्रिया तान्ह्या मुलांना अफूची बाळगोळी देऊन झोपवीत, अशी नोंद १९२० च्या दशकातील पाहण्यांत आहे. तेव्हा कडक कायदा हवा होता, यात शंका नाही. पण या कायद्यातील जबर शिक्षा आणि राज्याराज्यांतले वेगवेगळे परवाने यांमुळे मॉर्फीन बाळगायलाच रुग्णालये आणि फार्मासिस्ट घाबरू लागले. नोंदवहीत एक चूक म्हणजे तुरुंग, ही भीती. पूर्वी वर्षाला काहीशे किलो असलेला देशातला मॉर्फीनचा वैद्यकीय वापर १९९७ पर्यंत अवघ्या १८ किलोंवर आला. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने पिकणारी अफू परदेशी कारखान्यांना जात होती. तिच्यापासून तिकडे मॉर्फीन बनत होते, आणि इथला रोगी कण्हत होता.

२०१४ साली कायद्यात दुरुस्ती झाली. मॉर्फीनसह सहा औषधे ‘अत्यावश्यक अमली औषधे’ ठरली आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना एकाच यंत्रणेकडून परवानगी मिळण्याची सोय झाली. कागदावरचे कुलूप उघडले, मनातले मात्र अजून पुरते उघडलेले नाही. “मॉर्फीन म्हणजे शेवट” किंवा “याची सवय लागेल” असे म्हणून घरचेच लोक डोस चुकवतात. वेदनेसाठी योग्य देखरेखीखाली दिलेल्या मॉर्फीनने व्यसन लागणे हे सहसा घडत नाही. बद्धकोष्ठ मात्र जवळजवळ सर्वांना होते आणि त्यासाठी सुरुवातीपासून रेचक द्यावे लागते. दीर्घकाळ काम करणारी गोळी चुरडून देऊ नये, नाही तर बारा तासांची मात्रा एकदम रक्तात उतरते. हे कोणी सांगायचे? डॉक्टर सांगतातच, पण औषध हातात देताना पुन्हा सांगितले तर ते लक्षात राहते.

सांगण्याचे काम

औषध दिले म्हणजे काम संपत नाही. त्याचा रोग्याला अपेक्षित गुण येतो का, याची जबाबदारीही फार्मासिस्टाने घ्यावी, असे अमेरिकेतील हेप्लर आणि स्ट्रँड यांनी १९९० साली मांडले. हा विचार जगभर पसरला. महाराष्ट्रात त्याचे एक चांगले उदाहरण घडले. इंडियन फार्मास्युटिकल असोसिएशनने २००६ पासून मुंबईत औषध दुकानदारांना क्षयरोगाच्या कामात सामील करून घेतले. संशयित रोग्याला तपासणीला पाठवायचे आणि रोग्याने गोळ्या नियमित घेतल्या की नाही हे दुकानातच पाहायचे, असे काम प्रशिक्षण घेतलेल्या फार्मासिस्टांनी केले. क्षयाच्या उपचारात जे जमले ते वेदनेच्या उपचारातही जमू शकते.

अडचण वेगळीच आहे. फार्मासिस्टाचे प्रमाणपत्र भिंतीवर आणि काउंटरमागे दुसराच कोणी, हे चित्र आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. महेश झगडे अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त असताना, २०११ नंतर, राज्यात दुकानात फार्मासिस्ट हजर हवाच, असा आग्रह धरला गेला. दुकानदारांच्या संघटनांनी बंद पुकारले. वाद मोठा झाला, पण माणूस हजर असणे का महत्त्वाचे, हे त्यातून निदान चर्चेत आले. आणि २०१५ च्या फार्मसी व्यवसाय नियमांनी पहिल्यांदाच स्पष्ट लिहिले की रोग्याशी बोलणे हे फार्मासिस्टाचे कर्तव्य आहे: औषधाचे नाव, कशासाठी, किती, केव्हा, किती दिवस, दुष्परिणाम, साठवण, आणि डोस चुकला तर काय करायचे. फार्मसी कायद्यानंतर ६७ वर्षांनी बाटलीवरची पट्टी नियमांत परत आली. पण समजावून सांगण्याचे वेगळे पैसे कोणी देत नाही. दुकान चालते ते विकलेल्या मालावर. ही गाठ अजून सुटलेली नाही.

विद्यार्थ्यांसाठी काम

शिक्षकांना यातून वर्गासाठी चांगला उपक्रम करता येईल. विद्यार्थ्यांनी घरातील वेदनाशामकांची रिकामी पाकिटे आणावीत. (भरलेली पाकिटे आणू देऊ नयेत.) व्यापारी नाव आणि आतल्या औषधाचे नाव असा तक्ता करावा. किती वेगवेगळ्या नावांआड पॅरासिटामॉल दडले आहे ते मोजावे. चिठ्ठीशिवाय देऊ नये अशा औषधांच्या पाकिटावर डाव्या बाजूला लाल उभी रेघ शोधावी. कापलेल्या पाकिटावरचे नाव आणि मुदत वाचता येते का, ते पाहावे. मग प्रत्येकाने एका औषधासाठी, वाचता न येणाऱ्या आजीला कळेल अशी खुणांची पट्टी तयार करावी. सूर्य, चंद्र, भाताची थाळी, पाण्याचा तांब्या, काय चितारायचे ते त्यांनाच ठरवू द्या.

आणि पुढच्या वेळी मेडिकलमधून गोळी घेताना आपण सर्वांनीच एक प्रश्न विचारावा: “ही कशी घ्यायची?” विचारणारे गिऱ्हाईक वाढले, की सांगणारा माणूस काउंटरमागे ठेवणे दुकानालाही भाग पडेल.